जावयाच्या पसंतीचा मेंढा

मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवून "वा" म्हणणं हा गुन्हा कुठल्याच कायद्यात बसत नाही. मी वकील आहे, शोधून पाहिलं. पण माझ्या सासरी तो बसतो, आणि त्याला जामीनही नाही.

आषाढ चालू होता. बार्शीटाकळीच्या पुढे सासऱ्यांचं शेत आहे, तिथल्या मेंढवाड्यात आम्ही उभे होतो. म्हणजे उभा मी होतो. काळ्या मातीत बूट रुतले होते, दर पावलाला तळाला नवा ढेकूळ चिकटत होता आणि मी हळूहळू उंच होत चाललो होतो. काम करत होत्या त्या माझी बायको आणि तिची शाळेपासूनची मैत्रीण. ही मैत्रीण अकोल्याला गुराढोरांची डॉक्टर आहे. काम असं, की एकीनं तरणा मेंढा धरायचा, दुसरीनं हातमोजा घालून त्याच्या मागून लेंड्या काढायच्या, डबीत टाकायच्या आणि डबीवर खूण करायची. खाली पडलेल्या लेंड्या चालत नाहीत. कोणाची करणी कोणाच्या नावावर लागेल सांगता येत नाही. कोर्टात आम्ही एवढी काळजी घेत नाही.

हे सगळं कशासाठी, तर जंतांसाठी. मागचे काही पावसाळे या कळपाला फार वाईट गेले होते. हिरवं गवत आलं की त्यासोबत पोटात जंत जायचे, ते आतून रक्त प्यायचे, कोकराच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची आणि आठवडाभरात कोकरू आडवं. औषध पाजलं तर आधी गुण यायचा. पुढे पुढे पाजून पाजून जंतांनाच त्याची सवय झाली. सासरे म्हणायचे, "आता जंत औषधाची वाट पायते, उशीर झाला तं चिडते."

त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, पुढच्या पावसाळ्यात कोकरं अशीच गेली तर व्यापाऱ्याला बोलवायचं आणि अख्खा कळप त्याच्या गाडीत चढवायचा. हे त्यांनी फोनवर अगदी साध्या आवाजात सांगितलं, तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. तिची पोळी तव्यावर जळली. आमच्या घरात पोळी जळणं ही साधी गोष्ट नाही. ती या काळ्या मेंढ्यांमध्येच वाढली. थंडीत कोकरं चुलीजवळ आणि ती त्यांच्यात, अशी झोपलेली. लोकरीला आता कोणी विचारत नाही हे तिलाही माहीत आहे. पण आमच्या लग्नात सासऱ्यांनी मला दिलेलं घोंगडं याच कळपाचं. ते इतकं टोचतं की थंडी वाजायची हिंमतच करत नाही.

बायको अमरावतीला शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिनं मैत्रिणीला गाठलं. मैत्रीण म्हणाली, औषध बाटलीत शोधण्यापेक्षा आता रक्तात शोधू. काही मेंढ्यांच्या अंगातच जंताला दाद न देण्याची ताकद असते, आणि ती पुढच्या पिढीत उतरते. तरण्या मेंढ्यांना काही आठवडे औषध द्यायचं नाही, कोणी फारच खंगला तर त्याच्यापुरतं द्यायचं. मग लेंड्या तपासून जंतांची अंडी मोजायची. ज्याच्यात सगळ्यात कमी, तो कळपाचा बाप. मेंढी एकदोन पिल्लांची आई होते, मेंढा सगळ्यांचा बाप होतो, म्हणून निवड त्याची.

सासऱ्यांना हे पटायला वेळ लागला. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. एक मेंढा, एक साल. नाही जमलं तं मंग मले कोनी अडवायचं नाही."

तर अशा वेळी मी तिथे उभा होतो. दोघी कामात. सासरे माझ्या बाजूला, काठी टेकून, गप्प. जावई आला की माझे सासरे फार बोलत नाहीत. जावयासमोर जास्त बोलणं हा जावयाचा अपमान, अशी त्यांची समजूत. मी पोटासाठी बोलतो, मला शांतता सोसत नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी समोरच्या मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवला. मेंढा देखणा होता. काळीभोर दाट लोकर, बोटं आत गेली की दिसेनाशी व्हायची. शिंगं वळलेली, छाती अशी की निवडणुकीला उभा करावा.

मी म्हटलं, "वा, मामाजी. मेंढा असावा तर असा."

एवढंच. बाकी माझ्या मनात काही नव्हतं. त्या वेळी माझ्या मनात चहा होता.

सासऱ्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग शेडकडे तोंड करून सासूबाईंना हाक मारली, "ऐकलं काय वं? जवाईबापूनं मेंढा पसंत केला."

सासूबाई वाटीत भिजवलेला गेरू घेऊनच बाहेर आल्या. या घरची रीत अशी, की कळपासाठी मेंढा ठरला की त्याच्या पाठीवर गेरूचा पंजा उमटवायचा. मी "अहो, मी आपलं सहज" म्हणेपर्यंत माझा हात वाटीत होता, आणि मागे वळून बायकोनं पाहिलं तेव्हा मेंढ्याच्या पाठीवर. काळ्या लोकरीवर माझी पाचही बोटं लालभडक उमटली. पुराव्याच्या दृष्टीनं याहून पक्कं काही नसतं.

बायको एका हातानं दुसरा मेंढा धरून होती. हा दुसरा म्हणजे बारका, लोकर विटलेली, मातकट रंगाची, एक कान फाटलेला, आणि चेहरा असा की आत्ताच कोणीतरी त्याला रागावलं आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि लेंड्यांची डबी बंद केली.  

दोन-चार दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. बायकोनं तो स्वयंपाकघरात ओट्यावर मोठ्या आवाजात लावला, मलाही ऐकू यावा म्हणून.

"वकीलसाहेब आहेत का जवळ?" मैत्रीण म्हणाली. "त्यांच्या मेंढ्याचा निकाल सांगते. त्याच्या लेंडीतली अंडी मोजता मोजता माझा चहा दोनदा थंड झाला."

"पण तो तर चांगला धडधाकट आहे," मी म्हटलं.

"त्याला काही होत नाही हो. पोटात जंतांची जत्रा भरली तरी तो खातो-पितो, मिरवतो. पण जिथं चरतो तिथं अंडी टाकतो. गवत कोकरं खातात. हा सगळ्या रानात जंत पेरत फिरतो आणि स्वतः ठणठणीत."

अशी माणसंही माझ्या पाहण्यात आहेत, असं मी म्हणणार होतो. बायकोच्या हातात लाटणं होतं म्हणून म्हणालो नाही.

"आणि बारका?" बायकोनं विचारलं.

"त्याच्या डबीत मी अंडी शोधत बसले. आहेत नाही असं नाही, पण मोजायला काही त्रास नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली होती ना आपण, चांगली लाल होती. हाच घे. बाबांना सांग."

बाबांना सांगायचं कोणी, हा प्रश्न होता. कायद्यात शब्द मागे घ्यायच्या शंभर वाटा आहेत. अर्ज करता येतो, चुकून लिहिलं म्हणता येतं, अशील मला न विचारता बोलला म्हणता येतं. मी त्याच दिवशी सासऱ्यांना फोन लावला.

"मामाजी, त्या दिवशी मेंढ्याचं मी आपलं सहज म्हटलं होतं."

"सहज निघते तेच खरं असते, जवाईबापू," ते म्हणाले. "इचार करून तं वकील बोलते."

 पुढच्या रविवारी मैत्रीण अकोल्याहून स्वतः गेली. सासऱ्यांनी तिला गूळ-पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटोही पाहिले आणि म्हणाले, "पोरी, तुयं बरोबर असन. मी काई अडानी नाही. पन जवाईनं हात ठेवला. पंजा उमटला. आता तो पंजा म्या कसा पुसू? लोक म्हनतीन, जवायाचं पसंत केलेलं काढून टाकलं."

"कोण लोक, काका? इथं तर कोणीच नव्हतं."

"मेंढरं व्हती ना."

मग बायकोनं स्वतः तोंड उघडलं. फोनवर बापलेकीचं जे झालं ते मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकलं, कारण विषय मीच होतो.

"बाबा, त्याईले मेंढ्यातलं काय समजते? लग्नात त्याईनं कोकराले कुत्रं म्हनलं होतं."

"नवऱ्याले असं बोलू नाही, बाई."

"खरं आहे ते."

"खरं असन. पन बोलू नाही."

यात माझी बाजू कोण घेत होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तेवढ्यात अधिक महिना लागला. त्या वर्षी श्रावणच अधिक आला होता. हा धोंड्याचा महिना म्हणजे जावयांची चांदी. सासरी बोलावतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढतात, आणि जावयाला जे हवं ते देतात. माझ्या मागच्या धोंड्याला चांदीची वाटी मिळाली होती. यंदा निघायच्या आधी बायकोनं मला दारातच थांबवून शिकवलं.

"बाबा विचारतीन, काय पाहिजे. तर म्हणायचं, काही नको, फक्त बारका मेंढा कळपाला ठेवा. इतलंच. दुसरं काही जोडू नका. तुम्ही जोडता."

"जोडत नाही," मी म्हटलं.

"मेंढ्याच्या वेळी काय केलं?"

मूर्तिजापूर येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोकलं. मूर्तिजापूरला मला त्यात खोट दिसली. बारका ठेवा म्हणजे देखणा काढा. देखणा काढा म्हणजे माझा पंजा पुसा. सासरे तिथेच अडले होते, तिथेच पुन्हा अडणार. मोठा वकील नसलो तरी आपलाच साक्षीदार आपल्यावर उलटतो हे मला कळतं. मी बायकोला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं गाडी वळवायला लावली असती.

जेवायला बसलो. ताटात धोंडे, वर तुपाचं तळं, बाजूला वडे आणि कढी. सासूबाई वाढत होत्या, सासरे समोर पाटावर, पहिला घास हातात धरून. बायको दाराशी उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत होती, जशी परीक्षेत मुलांकडे पाहते.

सासरे म्हणाले, "जवाईबापू, महिना तुमचा हाय. काय पाहिजे ते मांगा. लाजू नोका."

मी म्हटलं, "मला तो मेंढाच द्या. माझा पंजा असलेला."

वाढायची पळी कढईत टेकलेली राहिली. बायकोनं डोळे मिटले. सासऱ्यांनी घास परत ताटात ठेवला.

"कोनता?"

"तोच. मला आवडला तर मला द्या. अमरावतीला नेतो."

 मला वाटलं होतं की त्यांना सुटल्यासारखं होईल. रीतही पाळली जाते, पंजाही शाबूत, मेंढाही कळपातून जातो. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. त्यांनी तो मेंढा कोकरू होता तेव्हा आईविना बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. हे मला बायकोनं नंतर सांगितलं. लोकर कशी यायला हवी हे ते त्याच्यावर हात फिरवून दाखवायचे, बाकीच्यांना त्याच्या शेजारी उभं करून मापायचे. ते जंतांचा निकाल ऐकून घेत होते, मान हलवत होते आणि जावयाच्या शब्दाआड त्याला लपवून ठेवत होते. एवढं मात्र मला तेव्हाच ताटावर बसल्याबसल्या लक्षात आलं.

"अमरावतीले त्याले कुठं ठेवसान?" त्यांनी विचारलं.

याचा मी विचार केला नव्हता.

"घरामागं जागा आहे," बायको दारातून म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "मी पाहीन, बाबा. मी हाय ना."

ते उठले. भरल्या ताटावरून कधी न उठणारा माणूस. मेंढवाड्याकडे गेले. खिडकीतून दिसत होतं, देखण्याच्या मानेपाशी वाकून त्याच्या लोकरीत हात घालून उभे होते. परत आले तेव्हा त्यांनी हात धुतले आणि पाटावर बसले.

"याले पावसात भिजू देऊ नोका, जवाईबापू. लोकर जड होते. मंग तो बसून राह्यते." आणि मग बायकोकडे न पाहता, "आनं बाई, तुया तो फाटक्या कानाचा. गेरू भिजवला हाय तुया आईनं. लाव तूच."

बायकोनं बारक्याच्या पाठीवर पंजा उमटवला. मातकट लोकरीवर तो नीट दिसलाही नाही. बारक्यानं आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला निवडलं म्हणून कान हलवला, फाटका.

देखणा छोट्या टेम्पोतून अमरावतीला आला, आणि आठवडाभर आमच्या कॉलनीत माझ्याइतका नावाजलेला वकील कोणी नव्हता. अशील फायली घेऊन यायचे आणि मेंढ्याच्या शिंगावर हात फिरवून माझ्याकडे पाहायचे, जणू मी हा खटल्यात जिंकला. त्यानं शेजाऱ्यांचा मोगरा खाल्ला, त्यांनी काही म्हटलं नाही. आमची तुळस खाल्ली, बायकोनं खूप म्हटलं, मला. रोज संध्याकाळी सासऱ्यांचा फोन यायचा. पहिलं वाक्य, "कसा हाय?" मी म्हणायचो, "मी बरा आहे, मामाजी." ते म्हणायचे, "तुमी तं राहान बरे."

शेवटी तिवस्याच्या एका जुन्या अशिलानं त्याला आपल्या संत्र्याच्या बागेत नेलं. तिथं तो आता एकटा राजा आहे. झाडाखालचं गवत खातो. लेंड्यांतून जे पेरायचं ते पेरतो, पण तिथं दुसरं कोकरू नाही, म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. सासरे जाऊन त्याला भेटून आले. परत आल्यावर म्हणाले, संत्र्याचा वास येते त्याच्या अंगाले. तक्रार होती का कौतुक, कळलं नाही.

बारक्याची कोकरं थंडी सरता सरता झाली. बारकीच झाली. सासऱ्यांनी फोनवर सांगितलं, "लेकरं बापासारखीच हाय. चेहऱ्यानं उदास." मग पाऊस आला, गवत आलं, आणि आमच्या घरी कोणी जंत हा शब्दही काढेना. शाळेतून आली की बायको आधी फोन पाहायची, मग चप्पल काढायची.

भाद्रपदात गेलो. मैत्रीण आधीच आली होती. एकेक कोकरू धरायचं, खालची पापणी बोटानं ओढायची. लाल असली तर ठीक, पांढरी पडली तर जंतांनी रक्त प्यालेलं. सासरे तिच्या मागे मागे. तिच्या आधी तेच पापण्या ओढायला लागले होते, असं सासूबाईंनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ, मेंढरांच्या, कुत्र्याच्या, एकदा सासूबाईंच्याही. माझीही त्यांनी ओढली. म्हणाले, "जवाईबापू, तुमचं थोडं फिकं हाय. भाजी खा."

सगळी कोकरं ठणठणीत होती असं नाही. काहींना औषध लागलं, दोन गेली. पण बाकीची उभी होती, चरत होती, एकमेकांना ढुशा देत होती. मैत्रिणीनं हातमोजा काढला आणि म्हणाली, "काका, एका वर्षात एवढं झालं म्हणजे पुष्कळ झालं. याच्यातला परत सगळ्यात चांगला ठेवू, म्हणजे पुढच्या साली अजून बरं."

सासऱ्यांनी खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोर व्यापाऱ्याला लावला. "नाही, येऊ नोका," ते म्हणाले. "नाही भाऊ, भाव कमी नाही लागून राह्यला. मेंढरंच विकायची नाही." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा. "जवाईबापू, तुमी तो मेंढा मांगितला नसता तं म्या कधीच सोडला नसता. कळप तुमी वाचवला."

मी त्यांना सांगायला हवं होतं की डब्या कोणी भरल्या, अकोल्याच्या चकरा कोणी मारल्या, मोजदाद कोणी केली. तोंड उघडलंही. पण सासूबाई तेवढ्यात पेढे घेऊन आल्या आणि पहिला माझ्या तोंडात कोंबला. भरल्या तोंडानं नाही म्हणता येत नाही. मी मान हलवली. ती होकारार्थी हलली.

 परतताना गाडीत मी दोनदा रस्त्याबद्दल बोललो, एकदा कपाशीबद्दल. बडनेरा आलं, तेव्हा तिनं काच खाली घेतली आणि बाहेर पाहत म्हणाली, "कळप वाचला, मले दुसरं काही नाही पाहिजे. नाव तुमचं झालं, तेही होऊ द्या. पण पुढच्या पावसाळ्यात मी मेंढा धरीन, आन् लेंड्या काढाले हात तुमी घालसान."